सुवर्णपदक आणि केटी

आमच्या कॉलेजात दोन नोटीस बोर्ड आहेत. एक जिमखान्याच्या भिंतीवर, काचेचा, कुलूपवाला. त्यात निवड चाचण्यांच्या तारखा, संघांच्या याद्या आणि उन्हानं फिकट पडलेले विजेत्यांचे फोटो. दुसरा परीक्षा विभागाबाहेर, काच कधीचीच फुटलेली, टाचण्यांनी टोचलेल्या वेळापत्रकांचा. दोन्हींच्या मध्ये एक पोर्च, सायकल स्टँड आणि गुलमोहराचं झाड. चालत गेलं तर दोन मिनिटांची वाट. पण या बोर्डावरची तारीख त्या बोर्डाशी कुणी ताडून पाहिल्याचं मी इथं लागल्यापासून बघितलेलं नाही. जिमखान्याचे सर तो बोर्ड वाचत नाहीत, परीक्षा विभाग हा वाचत नाही, आणि ज्यांना दोन्ही वाचणं भाग आहे ती पोरं त्या वेळी मैदानावर असतात, नाहीतर एसटीत.

मी कॉमर्सला अकाउंट्स शिकवते. खेळाशी माझा संबंध शाळेत लंगडीत पहिल्याच झटक्याला बाद होण्यापुरता. पण गेली काही वर्षं संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर वह्या घेऊन बसणाऱ्या पोरापोरींत माझा बराच वेळ जातो. जे दिसलं ते स्टाफरूममध्ये बोलून झालं, घरी जेवताना बोलून झालं. आता इथं.

साताऱ्यात पळणाऱ्यांची वाण नाही. पहाटे पोवई नाक्यावर उभं राहिलं तर अजिंक्यताऱ्याच्या चढाकडं, यवतेश्वरच्या घाटाकडं, शाहू स्टेडियमकडं घोळके निघालेले दिसतात. त्यातली बरीचशी भरतीची पोरं. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची, हे त्यांना पाठ असतं. तरी १६०० मीटरची वेळ सेकंदासकट सांगतील, आणि गणिताचं पुस्तक कुठंय विचारलं की ते मात्र हमखास चुलतभावाकडं असतं.

बाकीची खरोखर खेळणारी. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियोत तिरंदाजीला उतरला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अदिती स्वामी बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा तिला नुकतं सतरावं सरलं होतं. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्येही कंदी पेढे आले. पेढा तोंडात टाकता टाकता एक सहकारी म्हणाले, "ते ठीकाय, पण अभ्यासाचं काय हिच्या?" सगळे हसले.

प्रश्न चुकीचा नव्हता, विचारायची जागा चुकली होती. जगज्जेत्यांकडं बघायला अख्खं गाव असतं. ललिता बाबर पुढं खेळाडूंच्या कोट्यातून उपजिल्हाधिकारी झाल्या. मला काळजी वाटते ती झोनलला खेळणाऱ्या, इंटर-झोनलला हरणाऱ्या, एखाद्या वर्षी विद्यापीठाचा ब्लेझर मिळवून फेसबुकला फोटो टाकणाऱ्या आणि त्याच वर्षी दोन विषयांत केटी लागलेल्या, म्हणजे ते विषय मागं राहिलेल्या पोरांची. त्यांच्या अभ्यासाचं काय, हे पेढे खाताना कुणी विचारत नाही, कारण त्यांच्या नावचे पेढेच येत नाहीत.

केटी लागते कशी, ते बघण्यासारखं आहे. शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धा आधी जिल्ह्याच्या झोनमध्ये होतात. जिंकलात तर कोल्हापूर-सांगलीवाल्यांशी इंटर-झोनल. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात, मग सराव शिबिर, मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तिथंही नशीब उघडलं तर अखिल भारतीय. म्हणजे पोरगं जितकं चांगलं खेळेल तितके दिवस कॉलेजबाहेर. हा सगळा हंगाम पावसाळा सरताना सुरू होतो आणि ऐन थंडीत रंगात येतो. पहिल्या सत्राच्या परीक्षाही दिवाळीच्या आगेमागेच. लवकर हरणारा खेळाडू वर्गात वेळेवर परततो. जिंकणारा अडकतो.

मग पत्राचा प्रवास. पोरगं जालंधरला किंवा उदयपूरला निघालं की जिमखाना एक पत्र काढतो: सदर विद्यार्थी महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व करीत असल्याने त्याची उपस्थिती ग्राह्य धरावी. ते पत्र ऑफिसात जातं, त्याला आवक क्रमांक पडतो, त्यावर प्राचार्यांची सही होते, आणि सगळे सोपस्कार उरकून ते परत जिमखान्याच्याच फायलीत जाऊन बसतं. ज्या बाईनं वर्गात हजेरी घेतली तिच्यापर्यंत ते येतच नाही. तिच्या लेखी हजेरीपटावर नुसती फुली. सत्राच्या शेवटी ७५ टक्क्यांहून कमी हजेरीवाल्यांची यादी लागते, त्यात विद्यापीठाच्या कबड्डी संघाचा कप्तान डिफॉल्टर म्हणून झळकतो, आणि मग धावाधाव. उपस्थितीचं कसंतरी निभावतं. पण मधल्या काळात झालेली अंतर्गत चाचणी, दिलेली असाइनमेंट आणि शिकवून झालेली तीन प्रकरणं कुठल्या पत्रानं ग्राह्य धरायची?

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे गुण. दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीप्रमाणे जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दोन्ही गोष्टी असाव्यात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. डोंगरातून दोन एसट्या बदलून येणाऱ्या पोरीला खेळानं काहीतरी पदरात टाकलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की गुण दिले की आपलं काम झालं अशी सगळ्यांची सोयीची समजूत होते. पोरांचीसुद्धा. "मॅडम, आपल्याला ग्रेस असतात की," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ऐकलं की पहिल्यांदा वही मागते.

आणि त्या कोट्याचं गणितही पोरांना अर्धंच ठाऊक असतं. प्रत्येक खेळाडूकडं एक चेनची फाइल असते. तिच्यात तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लावलेली. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आल्यापासून पडताळणी कडक झाली, त्यामुळं पोरं ती फाइल जिवापाड जपतात. पावसात स्वतः भिजतील, फाइल शर्टाच्या आत. मार्कलिस्ट मात्र चार घड्या घालून पाकिटात. फौजदाराच्या परीक्षेला बसायचं तर पदवी लागते. आरक्षण रांगेत पुढं नेईल, पण आधी रांगेत तर उभं राहता आलं पाहिजे. बी.कॉम.चे दोन विषय राहिलेत म्हणून अर्जच करता न आलेला पोरगा आणि त्याची ती फुगलेली फाइल, अशा जोड्या मला एकाहून जास्त माहीत आहेत.

खेळाडूच्या मागं शिक्षण संस्थेनं उभं राहणं ही आपल्याकडं नवी कल्पना नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते कसे, हे इथल्या पोरांना तोंडपाठ असतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकलेले. जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावानं वर्गणी काढली. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, राज्याचा क्रीडा दिन असतो आणि आमच्याकडं त्या दिवशी भाषणं होतात. दर भाषणात ते गहाण टाकलेलं घर येतं आणि टाळ्या पडतात. टाळ्या मीही वाजवते. पण मनात येतं, की प्राचार्यांनी घर गहाण टाकावं एवढा त्याग आता कुणी मागत नाहीये. चाचणीची तारीख आठ दिवस पुढं ढकला, एवढंच मागतोय. आणि घर मिळणं सोपं, तारीख मिळणं अवघड, अशी एकूण परिस्थिती.

माझी भाची अमेरिकेत संख्याशास्त्रात एम.एस. करत होती. फीला हातभार म्हणून तिनं विद्यापीठातच काम धरलं, खेळाडूंना स्टॅटिस्टिक्स शिकवायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, म्हणजे आपल्याकडच्यासारखी खासगी शिकवणी. तर नाही. स्टेडियमला लागून एक अख्खी इमारत, तीत अभ्यासिका, कॉम्प्युटर, शिकवायच्या छोट्या छोट्या खोल्या, आणि खेळाडूंच्या अभ्यासाचं बघायला पगारी माणसं. पहिल्या वर्षाच्या खेळाडूनं आठवड्याला ठरावीक तास तिथं बसायचंच, येताजाताना कार्ड दाखवायचं. सत्र सुरू होतानाच प्रत्येक खेळाडूच्या सगळ्या प्राध्यापकांना यादी जाते, की अमुक तारखांना हा बाहेरगावी असणार. परगावी सामना आणि त्याच दिवशी पेपर आला, तर प्राध्यापकाच्या संमतीनं तो पेपर हॉटेलच्या खोलीत, संघाबरोबर गेलेल्या माणसाच्या देखरेखीखाली.

"मावशी, तुमच्याकडचं ते जिमखान्याचं पत्र असतं ना," ती म्हणाली, "ते इथं ऑगस्टमध्येच जातं. आणि फायलीत नाही जात."

तिथल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना एनसीएए. तिच्या पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांना नव्वदच्या दशकापासून हे करणं बंधनकारकच आहे, खेळाडूंना अभ्यासाचा सल्ला आणि शिकवणी पुरवायचीच. हंगामात सराव आणि स्पर्धा मिळून आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४, आणि एक दिवस सुट्टी, असा कागदावरचा नियम. कागदावरचा, कारण भाचीच्या म्हणण्याप्रमाणे 'ऐच्छिक' सरावाला न जाण्याची इच्छा कुणालाच होत नाही. हे ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. पुढचा नियम मात्र मला फार आवडला. दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग पुरा हवा, तिसरं संपताना ६० आणि चौथं संपताना ८०. नाहीतर खेळता येणार नाही. नुसतं पास होऊन भागत नाही, पदवीच्या दिशेनं सरकत राहावं लागतं. अख्ख्या संघालाही अभ्यासाचे गुण असतात, हजारपैकी, आणि ९३० च्या खाली गेलेल्या संघावर कारवाई होऊ शकते. कनेटिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला २०१३ ची राष्ट्रीय स्पर्धा याच कारणानं खेळू दिली नाही. पुढच्या वर्षी परत आले आणि विजेते झाले. आमच्या जिमखान्याच्या सरांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, हे प्राचार्यांना सांगू नका."

हे सगळं ऐकून तिकडं सोनं पिकतं असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं एका विभागात 'कागदी' वर्ग चालले. वर्ग म्हणजे नाव, प्रत्यक्षात तास नाहीत, प्राध्यापक नाहीत, शेवटी एक निबंध द्यायचा आणि भरघोस श्रेणी घ्यायची. २०१४ मध्ये चौकशीचा अहवाल आला, त्यात सुमारे ३१०० विद्यार्थ्यांनी अशा वर्गांचा फायदा घेतल्याचं निघालं. त्यातले निम्म्याच्या आसपास खेळाडू. आणि त्यांना या वर्गांची वाट दाखवण्यात खेळाडूंच्या अभ्यासाला मदत करायला नेमलेलीच काही माणसं होती. २०१७ मध्ये एनसीएएनं हात वर केले, कारण काय, तर हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणजे खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही! हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. फसवणूक सर्वांसाठी खुली असल्यानं नियमात बसते, असा निकाल आपल्याकडच्या एखाद्या जुन्या कारकुनालाही सुचला नसता.

भाचीच्या केंद्रात पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, खेळाडूच्या कागदावर तुझ्या हातची एक रेघ उमटता कामा नये. दाखवायचं असेल तर वेगळ्या कागदावर, आणि तो कागद जाताना फाडून टाकायचा. तिच्यासमोर बसायचा तो अमेरिकन फुटबॉलचा गडी तिच्या दुप्पट. त्याला प्रोबॅबिलिटी समजेना आणि हिला त्याची पेन्सिल घेता येईना. "हात नुसते शिवशिवायचे गं मावशी." हा नियम मी जसाच्या तसा साताऱ्याला आणला. तो आणायला इमारत लागत नाही.

आमची पायऱ्यांवरची बैठक सुरू झाली ती खो-खोच्या एका पोरीमुळं. माणमधली, घरी मेंढरं, इथं वसतिगृहात. सराव संपला की साडेसहाला ती पायरीवर बसायची आणि मी घरी जायला निघालेली असायचे. एकदा तिनं हाक मारली, "मॅडम, जरा बघता का, दोन्हीकडची बेरीज जुळंना." खांबावरून सूर मारून गुडघे सोललेले, त्यावर बिटाडीनचे पिवळे डाग, आणि वहीवर मातीचे हात उमटलेले. तेरीज पत्रकाच्या नावे आणि जमा या दोन बाजू सारख्या यायला हव्यात, तर तिथं ४५०० चा फरक. बाकीच्या वर्गाला मी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, तेव्हा ही विद्यापीठाच्या शिबिरात. म्हटलं, "फरकाला ९ नं भाग जातोय का बघ." जात होता. "मग कुठल्यातरी आकड्यात शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडलेत का ते शोध." ती वहीवर ओणवी झाली. खो-खोत बसलेल्या खेळाडूची नजर कशी असते, उठायच्या आधी सगळं मैदान एकदा बघून घेते, तशी ती रकान्यावरून फिरली. ७२०० च्या जागी २७०० लिहिले होते. सापडल्यावर आनंद बिनंद काही नाही, उलट माझ्यावरच चिडली. "आवो मॅडम, मग हे आधी सांगायचं की! दोन दिस झालं डोकं धरून बसलीय."

बरोबर होतं तिचं. ते आधी सांगायला कुणीतरी हवं होतं आणि तसं कुणी नेमलेलं नव्हतं. वर्गातली मैत्रीण नोट्सचे फोटो पाठवते, पण फोटोत रीत येते, खाचाखोचा येत नाहीत. खो-खोवालीच्या डोक्यात कमी काही नव्हतं. शिकवणीचे पैसे नव्हते, आणि असते तरी साताऱ्यातल्या शिकवण्या संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, म्हणजे नेमक्या सरावाच्या वेळेत. शहरात सगळ्यांनी आपापली वेळ ठरवताना खेळाडू हा प्राणी कुणीच धरलेला नाही. वसतिगृहाचं जेवणसुद्धा साडेसातला बंद होतं. अभ्यासाला बसलं तर ताट जातं. पोटात कावळे कोकलत असताना भागीदारीचं विसर्जन शिकवून दाखवावं कुणीतरी.

तिच्यामागून आणखी आल्या, मग पोरं आली. जिमखान्याच्या सरांनी आधी डोळे बारीक केले. सराव बुडेल अशी त्यांना भीती. ती खोटी नव्हे. त्यांनीही अशी पोरं बघितलीयत, जी अभ्यासाचं नाव सांगून राजवाड्यावर भेळ खात बसतात. पण सरांची पोरगी स्वतः राज्य पातळीवर खेळलेली, तिचे विषय राहिले होते, ते त्यांना लागलेलं. एक दिवस त्यांनी स्पर्धांचं कॅलेंडर आणून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "घ्या. तुमच्या पेपरांच्या तारखा याच्यावर टाका." कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आम्ही प्रत्येक पोराचं नाव, खेळ, वर्ग, राहिलेले विषय आणि त्याचा वर्गातला एक जोडीदार असं लिहून काढलं. जोडीदारानं तास झाला की काय झालं ते दोन वाक्यांत व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवायचं. रेल्वेत, जनरलच्या डब्यात, ते ऐकता येतं. वही उघडायला जागा नसली तरी कान मोकळे असतात.

स्टाफरूममधून विरोध झाला आणि त्यातला एक मुद्दा मला खोडता आला नाही. इकॉनॉमिक्सचे एक सर म्हणाले, "खेळाडूंचंच का एवढं? माझ्या वर्गात एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी बसणारा पोरगा आहे. त्याच्यासाठी कोण पत्र काढतं?" कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ज्या जिल्ह्यात रुजवलं, त्याच जिल्ह्यात उभं राहून याला उत्तर काय द्यायचं? खेळाडू कॉलेजचं नाव घेऊन जातो म्हणून त्याच्याबद्दल कॉलेजची जबाबदारी जास्त, एवढं म्हणता येतं, आणि मी म्हणालेही. पण तेवढ्यानं माझंच समाधान झालं नाही. शेवटी म्हटलं, त्यालाही पाठवा. तो आला. रात्रपाळीच्या आधी तासभर बसतो, डुलक्या घेतो, पण कॉस्टिंगमध्ये सगळ्यांत पुढं, कारण ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, काय असतो ते त्यानं कारखान्यात डोळ्यांनी बघितलेलं असतं.

सगळ्यांत अवघड प्रकरण हरणाऱ्यांचंही नसतं नि जिंकणाऱ्यांचंही नसतं. ते दुखापत झालेल्यांचं असतं. कबड्डीतला एक पोरगा, चढाईचा वाघ. जिल्ह्याच्या एका सामन्यात मध्यरेषेकडं झेपावताना मागून दोघांनी धरला, गुडघा एकीकडं आणि पाय एकीकडं. आपल्याकडं याला एकच वाक्य आहे, 'लिगामेंट गेलं'. ऑपरेशन झालं, घरच्यांची म्हैस विकली गेली, आणि त्यानंतर पोरगं कॉलेजातून नाहीसं झालं. मैदानावर यायची लाज आणि वर्गाची सवयच नाही. तीन वर्षं तो वर्गात कबड्डीवाला म्हणूनच ओळखला गेलेला. कबड्डी गेल्यावर तिथं बसायचं तरी कोण म्हणून? फोन उचलेना. त्याच्याच संघातल्या पोरांनी एका संध्याकाळी त्याला मोटरसायकलीवर मधे बसवून आणलं आणि पायरीवर अलगद ठेवून दिलं.

महिनाभर तो काही बोलला नाही. वही उघडायचा, मिटायचा. मीही अकाउंट्स काढलं नाही. त्याला कॅलेंडरचं काम दिलं, कोण कुठं खेळायला गेलंय, कुणाची चाचणी राहिलीय, ते लिहीत जा. कुबडी बाजूला टेकवून तो लिहू लागला, आणि हळूहळू ते कॅलेंडर माझ्यापेक्षा त्याला जास्त कळायला लागलं. चढाई करणाऱ्याला समोरच्या सात जणांतला कुठला पाय हलला ते दिसतं. कुठल्या पोराचा कुठला विषय हलायला लागलाय, ते हा माझ्या आधी सांगतो. "मॅडम, त्या हँडबॉलवाल्याला ह्या आठवड्यात धरा, नाहीतर त्यो गेला." त्याचे स्वतःचे राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत सुटले. एक सोडून. तो इंग्रजीचा, त्याबद्दल नंतर कधीतरी.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यात करगणी नावाचं गाव आहे. तिथले सचिन खिलारी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य घेऊन आले, १६.३२ मीटर. ते मेकॅनिकल इंजिनिअर आहेत आणि स्पर्धा परीक्षांच्या पोरांना शिकवतात. मी हे त्या कबड्डीवाल्याला मुद्दाम सांगितलं. वाटलं, त्याला उभारी येईल. तो म्हणाला, "म्हणजे गोळा टाकून झाल्यावर परत क्लास घ्यायचा? दमत न्हाईत व्हय?" उभारीचं काम आपल्याला जमत नाही, हिशेबाचंच बरं, असं मी तेव्हा ठरवलं.

सध्या आमचा एक अर्ज पडून आहे. जिमखान्याशेजारची एक खोली, जुन्या मॅट्या आणि मोडके हर्डल ठेवलेली, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मिळावी, आणि वसतिगृहात सात-आठ ताटं झाकून ठेवावीत. ताटांचं लगेच झालं. मेसच्या मावशींनी अर्जाची वाटच बघितली नाही. खोलीचा अर्ज ऑफिसात अडलाय, कारण विजेचा खर्च जिमखान्याच्या खाती टाकायचा की शैक्षणिक, हे ठरत नाही. जिमखाना म्हणतो अभ्यास शैक्षणिक, ऑफिस म्हणतं पोरं जिमखान्याची. मी अकाउंट्सची बाई, मी सांगितलं, निम्मा निम्मा विभागून टाका, तसं करता येतं. हेडक्लार्क म्हणाले, मॅडम, तसा ठराव लागेल.

कबड्डीवाल्यानं परवा खोलीत जाऊन बघितलं. दोन वीस वॅटच्या ट्यूब, एक पंचाहत्तर वॅटचा पंखा. पायरीवर बसून त्यानं गुणाकार केला आणि कागद माझ्यापुढं धरला. दोन तास चालवलं तर दिवसाला पाव युनिटही होत नाही, महिन्याला सातच्या आत. कागदावर माझ्या हातची एकही रेघ नव्हती, आणि गणित बरोबर होतं. तो म्हणाला, "मॅडम, ह्येच अर्जाला जोडू का? वर त्यांना विचारू, ह्यातला पंखा कुणाचा नि ट्यूब कुणाची." मी नको म्हणायच्या आत खो-खोवाली तो कागद घेऊन ऑफिसकडं पळालीसुद्धा.